दुधाला आपण कोणता प्रश्न विचारला?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्या शिबिराच्या वेळापत्रकात माझं भाषण जेवणानंतर ठेवलंय आणि विषय आहे दुधातले घातक जिवाणू. जेवणात खीर होती. संयोजकांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. खीर मी पण खाल्ली, दोनदा घेतली, त्यामुळे घाबरू नका.

मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज दुधाचे नमुने येतात, आम्ही ते तपासतो आणि कागदावर लिहितो, पास किंवा नापास. लोकांना या कागदाचं फार कौतुक असतं. ‘लॅबमधून पास झालंय’ म्हटलं की विषय संपतो. मला आज नेमकं इथूनच सुरू करायचंय. दुधाची प्रत्येक तपासणी दुधाला एकच प्रश्न विचारते आणि त्या एकाच प्रश्नाचं उत्तर आणते. तो प्रश्न कोणता होता हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ‘पास’ या शब्दाला फारसा अर्थ नाही.

आपल्या घरातली तपासणी घ्या. अम्मी पातेल्यात दूध ओतते, वास घेते, तापवते. नासलं नाही म्हणजे चांगलं. ही तपासणी वाईट नाही, आमच्या संघातसुद्धा कॅनचं झाकण उघडल्यावर पहिलं काम नाकाचंच असतं. पण ती काय विचारते? ‘दूध आंबलंय का?’ एवढंच. दूध आंबवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. आंबवणारे तर बिचारे ओरडून सांगतात, आम्ही इथे आहोत. दुसरे गप्प असतात. त्यांच्यामुळे वास बदलत नाही, चव बदलत नाही, साय तशीच येते.

हे गप्प राहणं किती महागात पडतं ते जगाला भूमध्य समुद्रातल्या माल्टा या छोट्याशा बेटावर कळलं. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्रजांचं सैन्य आणि आरमार होतं. सैनिकांना एक विचित्र ताप यायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, महिनोन्‌महिने. घामाने अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्या तापाचा जिवाणू वेगळा केला. जिवाणू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. हवा, धूळ, डास, गटारं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

माल्टात तेव्हा गवळी शेळ्यांचे कळप घेऊन दारोदार फिरायचे. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. पाणी घालायला जागाच नाही, याहून शुद्ध दूध ते कुठलं? आणि शेळ्या दिसायला ठणठणीत. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लेस झामित या माल्टातल्याच डॉक्टराने प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचं रक्त तपासलं. त्यातल्या बहुतेक शेळ्यांना तो संसर्ग आधीच होता. मग दुधात पाहिलं, तर दुधातही तोच जिवाणू. सैन्याने शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि बराकींमधला ताप झपाट्याने उतरला. बराकींबाहेरची माल्टाची सामान्य जनता मात्र पुढची कितीतरी वर्षं तेच दूध पीत राहिली आणि तोच ताप काढत राहिली. शोध लागणं आणि तो सगळ्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचणं यात नेहमी असं अंतर असतं.

ब्रूसच्या नावावरून या जिवाणूला आज ब्रुसेला म्हणतात. पण गोष्ट इथे संपली नाही. अमेरिकेत ॲलिस इव्हान्स नावाची एक बाई सरकारी दुग्धविभागात काम करत होती. गाईंचा गर्भपात घडवणारा एक जिवाणू माहीत होता, तो गाईंचाच आजार समजला जायचा. तिने तो आणि माल्टाचा जिवाणू शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि १९१८ मध्ये छापून सांगितलं की हे दोघे जवळचे नातलग आहेत, म्हणून गाईचं कच्चं दूधसुद्धा माणसाला धोक्याचं आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं. असं असतं तर आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं नसतं का, असा त्यांचा सवाल. ती बाई, शिवाय पीएचडी नसलेली. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करता करता तिलाच ब्रुसेलाची लागण झाली आणि तो ताप तिला वर्षानुवर्षं छळत राहिला. पुढे जगभरातून तिच्या म्हणण्याला पुरावे मिळाले आणि १९२८ मध्ये ती अमेरिकेतल्या जिवाणुशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. इथे बीएस्सी करणाऱ्या मुली बसल्यात, हे नाव वहीत लिहून ठेवा.

आता माल्टातून आपल्या मोहल्ल्यात या. आपल्याकडे घराशेजारी, गल्लीत, गच्चीवरसुद्धा शेळ्या पाळतात. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला भाव चढतो. प्लेटलेट वाढतात म्हणून ते कच्चं प्यायचं, तापवलं की ‘ताकद जाते’ म्हणे. शेळीच्या कच्च्या दुधाने डेंग्यू बरा होतो याला वैद्यकीय आधार नाही. उलट आधीच आजारी असलेल्या माणसाला आपण ब्रुसेलाचा धोका पत्करायला लावतो. धारोष्ण दूध म्हणजे थेट कासेतून आलेलं कोमट दूध. ते पिणारे पहिलवान आपण पाहिलेत, पण तापाने कण्हणारा पहिलवान कुणी गोष्टीत सांगत नाही.

ब्रुसेला दुधातूनच येतो असंही नाही. शेळी किंवा गाय गाभडली की ती वार, ते पाणी, ते मेलेलं करडू हातांनी उचललं जातं. त्यात जिवाणू ठासून भरलेले असतात. हातावरच्या छोट्याशा जखमेतून ते आत जातात. आपल्यातले जे खाटीकाम करतात, ज्यांच्या घरी शेळ्या आहेत, त्यांना हे सांगा. महिना महिना ताप येतोय, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, फरक नाही, कंबर धरलीय, रात्री घाम येतो, असं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की घरात जनावरं आहेत. डॉक्टर विचारतीलच असं नाही. आजार बरा होतो, पण औषधं सहासहा आठवडे घ्यावी लागतात, आणि ती देण्याआधी आजार ओळखावा लागतो.

गाईंच्या कळपात ब्रुसेला आहे का हे दुधावरून शोधायची एक तपासणी मला फार आवडते. तिचं नाव मिल्क रिंग टेस्ट. मेलेले ब्रुसेला जिवाणू जांभळट निळे रंगवून ठेवलेले असतात. त्यांचा थेंब नळीतल्या दुधात टाकायचा आणि ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. गाईला संसर्ग झाला असेल तर तिच्या दुधात त्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतात. ती रंगीत जिवाणूंना पकडतात, स्निग्धाच्या कणांना चिकटतात आणि साय वर येते तेव्हा तिच्याबरोबर तरंगत येतात. नळीच्या तोंडाशी निळं कडं दिसतं आणि खालचं दूध पांढरं. संसर्ग नसेल तर साय पांढरी, खालचं दूध निळसर. एका नळीत अख्ख्या गोठ्याची चौकशी. पण या तपासणीचीही मर्यादा बघा. कासेला दगडी झाली असेल किंवा चिकाचं दूध मिसळलं असेल तर उगाच कडं दिसू शकतं. आणि शेळीच्या दुधाला ती भरवशाची नाही. म्हणजे ज्या जनावरापासून या आजाराची गोष्ट सुरू झाली, त्याच्याच दुधाला ती चालत नाही! तिथे रक्तच तपासावं लागतं. गाई-म्हशींसाठी सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा द्यायची. तुमच्या ओळखीत कुणाच्या गोठ्यात कालवड किंवा पारडी असेल तर विचारा, टोचली का?

आता आमच्या प्रयोगशाळेत या. ही नळी बघा. मागच्या मुलांना दिसत नसेल तर फिरवते. यात १० मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर मिथिलीन ब्लू आहे. तशाच या तिन्ही. आज सकाळी तुमच्या शिबिराच्या स्वयंपाकघरात आलेलं दूध तापवण्याआधी मी आचाऱ्याकडून मागून घेतलं होतं. पहिल्या नळीत ते लगेच घातलं. दुसऱ्या नळीतलं दूध उन्हात दोन तास ठेवून मग घातलं. तिसरीत माझ्या घरचं उकळलेलं. कोमट पाण्यात ३७ अंशांवर ठेवल्या. दुधातले जिवाणू वाढताना ऑक्सिजन वापरतात आणि तो संपत गेला की निळा रंग उडतो. जितके जिवाणू जास्त तितका रंग लवकर जातो. पाच तास किंवा जास्त टिकला तर दूध खूप चांगलं, तीन ते चार तास चांगलं, एक ते दोन साधारण, अर्ध्या तासातच पांढरं झालं तर वाईट. उन्हातली नळी मघाशी खीर वाढत होते तेव्हाच पांढरी झाली. पहिली अजून निळी आहे, म्हणजे तुमचा दूधवाला बरा माणूस दिसतो.

पण लगेच टाळ्या नकोत. या निळ्या रंगाने काय विचारलं? ‘गर्दी किती आहे?’ गर्दीत कोण आहे हे त्याने विचारलंच नाही. एका नळीत साल्मोनेलाचे मोजके जिवाणू असले तरी रंग खुशाल टिकेल. आणखी गंमत ऐका. जनावराला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं आणि औषधाचा अंश दुधात उतरला, तर जिवाणू वाढत नाहीत, रंग टिकतो आणि दूध ‘उत्तम’ ठरतं. आंबटपणा लपवायला कुणी सोडा घातला तर आम्लतेची तपासणी फसते. आणि आता गावोगावी बल्क कूलर आले, दूध चार अंशांवर येतं. थंडीत वाढणारे जिवाणू या रंगाला फारसा हात लावत नाहीत, त्यामुळे थंड दुधात ही जुनी तपासणी पूर्वीइतकी खरं बोलत नाही. तरीही मी ती टाकून द्या म्हणणार नाही. ती स्वस्त आहे आणि गावच्या संकलन केंद्रावर होऊ शकते. फक्त तिच्या तोंडी जे शब्द नाहीत ते घालू नका.

दूध पाश्चराइज झालं की नाही, हे विचारणारी तपासणी तर हुशारीचा नमुना आहे. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की क्षयाचे, ब्रुसेलाचे आणि असले बाकीचे जिवाणू मरतात. पण प्रत्येक टाकीत क्षयाचा जिवाणू शोधत बसलो तर आठवडे जातील. कच्च्या दुधात निसर्गतःच फॉस्फेटेज नावाचं एक विकर असतं. ते नष्ट व्हायला क्षयाच्या जिवाणूपेक्षा थोडीशीच जास्त उष्णता लागते. मग जिवाणू कशाला शोधायचा? विकर शोधा. आम्ही दुधात एक द्रव घालतो. विकर शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. पिवळं झालं म्हणजे नीट तापलं नाही किंवा तापलेल्या दुधात कच्चं मिसळलं. चांगल्या उपकरणावर हजार भागांत एक भाग कच्चं दूध असलं तरी ते पकडता येतं.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात हाच धागा सापडला होता. लॉस एंजेलिस परगण्यात गरोदर बायकांचे गर्भ दगावू लागले. बहुतेक जणी मेक्सिकन वंशाच्या. आजाराचं कारण लिस्टेरिया आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात एक मऊ ताजं चीज, आपल्या पनीरच्या जवळचं. त्या चीजमध्ये फॉस्फेटेज सापडलं, म्हणजे कच्चं दूध मिसळत होतं. कारखान्यात येणारं दूध तिथल्या पाश्चरायझरच्या आवाक्याबाहेरचं होतं. एका परगण्यात १४२ जण आजारी पडले आणि ४८ मृत्यू झाले. त्यांत वीस पोटातली बाळं आणि दहा नवजात. लिस्टेरियाचा धोका असा की तो फ्रिजमध्ये वाढतो. बाकी जिवाणू थंडीने झोपतात, हा हळूहळू चालतच राहतो. आईला साधा फ्लूसारखा ताप येतो आणि बाळ जातं. म्हणून गरोदर बहिणीला, भाभीला मोकळं विकलं जाणारं कच्च्या दुधाचं पनीर देऊ नका. नीट तापवून, भाजीत शिजवून द्या.

मग सरळ लिस्टेरिया, साल्मोनेला का शोधत नाही? शोधतो. पण वेळ बघा. नियम असा की २५ ग्रॅममध्ये एकही असता कामा नये. एक जिवाणू दिसणार कसा? म्हणून नमुना आधी पोषक द्रावात रात्रभर ठेवायचा, त्याला खाऊपिऊ घालायचं. मग दुसऱ्या द्रावात टाकायचा, जिथे बाकीचे दबतील आणि हा वाढेल. मग प्लेटवर पसरायचा, वसाहती ओळखायच्या, मग खात्रीच्या चाचण्या. चारपाच दिवस जातात. पिशवीतलं दूध दोन दिवसांत पिऊन संपतं. म्हणजे अहवाल आला तेव्हा दूध पोटात. पीसीआरने हे दिवस कमी झालेत, डीएनए शोधून दुसऱ्या दिवशी सांगता येतं. पण डीएनए मेलेल्या जिवाणूचाही असतो. तापवून मारलेला जिवाणू आणि जिवंत जिवाणू यांतला फरक निव्वळ पीसीआरला कळत नाही, म्हणून आधी वाढवणं आलंच. यामुळेच रोजच्या कामात आम्ही फॉस्फेटेज आणि कोलिफॉर्मवर भर देतो. पाश्चराइज दुधात कोलिफॉर्म सापडले तर अर्थ सरळ आहे. तापवल्यानंतर कुठेतरी घाण लागली. पाइप, झडप, पिशवी, हात.

जेवताना एकाने मला विचारलं, “आपा, आम्ही तर दूध उकळूनच पितो, मग काय काळजी?” प्रश्न चांगला आहे. उकळण्याच्या सवयीने आपल्या देशात किती जीव वाचवले असतील याची गणतीच नाही. एक उकळी आली की ब्रुसेला, क्षय, साल्मोनेला, लिस्टेरिया सगळे खलास. पण दोन गोष्टी उकळीला दाद देत नाहीत. एक म्हणजे बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू. उकळलेलं पातेलं रात्रभर ओट्यावर कोमट राहिलं की ते जागे होतात. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ती समजून घ्यायला जपानला जाऊ.

२००० च्या मार्चअखेर होक्काइडो बेटावरच्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. पाइपमधलं दूध कोमट राहिलं. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जिवाणू वाढले आणि त्यांनी विष सोडलं. वीज आली, दूध तापवलं, भुकटी केली. जिवाणू मेले. विष तसंच राहिलं, कारण ते उकळीनेही जात नाही. ती भुकटी ओसाकाच्या कारखान्यात कमी स्निग्धाचं दूध करायला वापरली गेली आणि उन्हाळ्यात तेरा हजारांहून जास्त लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. सुरुवातीला ओसाकातल्या एका झडपेवर संशय गेला. खरं कारण शेकडो किलोमीटर दूर आणि तीन महिने मागे होतं. भुकटीत जिवंत जिवाणू शोधला असता तर उत्तर आलं असतं, ‘नाही’. ते उत्तर खरंच असतं. प्रश्न चुकीचा ठरला असता. विष आहे का, असा प्रश्न विचारल्यावरच ते सापडलं.

आता आपल्या खव्याकडे बघा. कढईत दूध आटतं, जिवाणू मरतात. मग खवा उतरतो, हाताने मळला जातो, कापडात बांधला जातो, एसटीच्या टपावरून, टेम्पोतून उन्हात तालुक्याला जातो. स्टॅफिलोकॉकस माणसाच्या नाकात असतो, हातावरच्या चिरलेल्या, पिकलेल्या जखमेत असतो. मळणाऱ्याच्या बोटाला फोड असेल तर काम झालं. पुढे त्या खव्याचे गुलाबजाम तळा, बासुंदीत उकळा, विष हलत नाही. लग्नाच्या जेवणात दोनचार तासांतच माणसं उलट्या करायला लागली तर आधी दुधाच्या गोडाकडे बोट दाखवा. शीरखुर्म्याचंही तेच. चाँदरात्री मोठं पातेलं करून ठेवायचं आणि दिवसभर येणाऱ्यांना वाढत राहायचं. पातेलं मोठं असलं की ते तासन्‌तास कोमट राहतं. छोट्या भांड्यांत वाटून लवकर थंड करा, लागेल तेवढंच गरम करा. चव बदलत नाही, मी दरवर्षी करते.

प्रयोगशाळेत हा स्टॅफिलोकॉकस ओळखायला देखणा असतो, हे मात्र सांगितलं पाहिजे. अंड्याचा बलक आणि टेल्युराइट घातलेल्या प्लेटवर त्याच्या वसाहती काळ्याभोर, चमकदार येतात आणि भोवती स्वच्छ पारदर्शक वलय. मग त्याला सशाच्या रक्तद्रवात टाकून बघतो. तो द्रव गोठला तर खात्री पटते. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी असलेल्यांनी ही प्लेट एकदा तरी करून बघा.

आता एक गोष्ट, जी मला प्रयोगशाळेत बसून नाही, संकलन केंद्रावर उभं राहून कळली. दुधाचा दर कशावर ठरतो? फॅट आणि एसएनएफवर. गाईचं साडेतीन-साडेआठ, म्हशीचं सहा-नऊ, हे गावातलं पोरही सांगेल. जिवाणूंवर दर सहसा ठरत नाही. जी बाई पहाटे कास धुते, पहिल्या धारा वेगळ्या काढते, कॅन ऊन पाण्याने घासते आणि जी यातलं काही करत नाही, दोघींच्या पावतीवर एकच रक्कम येते. मग पहिलीने किती दिवस घासायचं? युरोपात कच्च्या गाईच्या दुधात मिलिलिटरला एक लाखाहून जास्त जिवाणू चालत नाहीत, असा नियम आहे. आपल्याकडेही काही खरेदीदार स्वच्छ दुधाला जास्त पैसे देतात, पण ती अजून सर्रास पद्धत नाही. माझ्या मते दूध स्वच्छ करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय दरपत्रकातला एक जादा रकाना आहे. तुमच्यापैकी जे गावच्या दूध सोसायटीचे सभासद आहेत त्यांनी वार्षिक सभेत हा मुद्दा मांडावा.

शेवटी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांबद्दल. प्लास्टिकचं दूध, डिटर्जंटचं दूध, असले व्हिडिओ रोज फिरतात. भेसळ होत नाही असं मी म्हणणार नाही. पण देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले, त्यांत भेसळीचे निघाले १२. लोकांची भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, असं बऱ्याचदा होतं. आणि काही संदेश तर दुधावर नसतातच, विकणाऱ्याच्या नावावर असतात. अमक्याकडून घेऊ नका, तमके लोक असं करतात. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या वडिलांना, चाचांना त्याची झळ बसली असेल. त्याचं उत्तर ओरडण्यात नाही, अहवालात आहे. पण मग दुसरी बाजूही माना. आपल्याच माणसाचा तबेला आहे, ओळखीचा आहे, नमाजी माणूस आहे, म्हणून दूध चांगलंच असणार, हेसुद्धा दुधाला प्रश्न न विचारताच दिलेलं उत्तर आहे.

प्रश्न विचारायचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलाय. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६, कलम ४०. कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फक्त घेताना विक्रेत्याला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. पदार्थ नियमाबाहेरचा निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. हे कलम फार थोड्यांना माहीत आहे. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत जाऊन प्रक्रिया विचारा, दोघंतिघं मिळून जा.

आणि जाल तेव्हा नमुना नीट न्या, कारण आमच्याकडे येणारे निम्मे नमुने रस्त्यातच खराब झालेले असतात. बाटली निर्जंतुक हवी, पाण्याची जुनी बाटली चालत नाही. आधी दूध वरखाली नीट ढवळून घ्या, नाहीतर सायीतले जिवाणू वरच राहतात. झाकणाच्या आत बोट लावू नका. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठलं की मोजणी बिघडते. वर तारीख, वेळ आणि कुठून घेतलं ते लिहा. त्याच दिवशी पोचवा. आणि अर्जावर नुसतं ‘दूध तपासून द्या’ असं लिहू नका. काय शोधायचंय ते लिहा, कच्चं मिसळलंय का, कोलिफॉर्म किती, स्टॅफिलोकॉकसचं विष आहे का. समोरचा तंत्रज्ञ मान वर करून तुमच्याकडे बघेल. मी तरी बघते.